मे महिन्यातलं ऑरगॅनिक

कुर्डुवाडी, जि. सोलापूर
मे महिन्याचा पहिला आठवडा

प्रिय मैत्रिणी,


तुझं पत्र मिळालं. तिकडे अमेरिकेत तुझ्या कम्युनिटी कॉलेजात यंदा उन्हाळी सत्राचं ऑरगॅनिक केमिस्ट्री तुझ्याकडे आलंय, पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात नियमावली द्यायची आहे, आणि ‘तू तुझ्या मुलांना काय लिहून देतेस ते कळव’ असं तू विचारलंयस. अगं, फार बरं वाटलं. आमचा तो कागद मी दरवर्षी नव्याने लिहिते, एकेका ओळीचा विचार करते, पण त्याबद्दल मनसोक्त बोलायला कुणी भेटत नाही. आता तू भेटलीस, तेव्हा पत्र लांबणार.

तुमच्याकडे उन्हाळी सत्राची रीत जुनी आहे. हार्वर्डची उन्हाळी शाळा १८७१ पासूनची, आणि वर्षभराचं ऑरगॅनिक तिथे एका उन्हाळ्यात पुरं करता येतं. आपल्याकडे मे म्हणजे सुट्टीच. तसं मुंबईला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात निवडक मुलांची रसायनशास्त्राची शिबिरं उन्हाळ्यात होतात. रसायनशास्त्र ऑलिंपियाडची निवड तिथेच होते, आणि कॉलेजातल्या मुलांसाठीचा त्यांचा उपक्रम २००४ पासून चालू आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन थांबायचं असेल तर उन्हाळ्यात ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते, त्यामुळे कॉलेजांना हळूहळू मे महिन्याची सवय लागेल. आमचा वर्ग मात्र साधा आहे. ऑरगॅनिकमध्ये एटीकेटी लागलेली मुलं आणि एम.एस्सी.साठी पाया पक्का करायला आलेली मुलं, दोन्ही एकत्र. सहा आठवडे, सकाळी ७ पासून, ऊन तापायच्या आत.

तू कुर्डुवाडी पाहिलीस ती कोल्हापूरहून लातूरला जाताना, नॅरोगेजच्या खिडकीतून. बार्शी लाइट रेल्वेची १८९७ सालची ती छोटी गाडी आता नाही, सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. जंक्शनचा स्वभाव तेवढा राहिलाय: चारी दिशांनी माणसं इथे येतात. माझ्या वर्गात केम, जेऊर, माढा, मोडनिंब, बार्शी इथली पोरं आहेत. कुणी रेल्वेने येतं, कुणी एसटीने, कुणी भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून. बऱ्याच घरांतून कॉलेजात पाऊल टाकणारं हे पहिलंच माणूस. नियमावली लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर हीच पोरं असतात.

कारण बघ, प्राध्यापकाच्या मुलीला न लिहिलेले नियमही ठाऊक असतात. शंका विचारायला स्टाफरूममध्ये गेलं तरी चालतं, आजारी पडलं तर अर्ज लगेच द्यायचा, जर्नलवर सही त्या त्या आठवड्यात घ्यायची, तोंडी परीक्षेत ‘हे मला येत नाही, पण असं असावं’ म्हटलेलं परीक्षकाला आवडतं. हे सगळं तिला घरात जेवताजेवता कळलेलं असतं. केमच्या शेतकऱ्याच्या मुलाला हे कुणी सांगायचं? त्याला ते कळतं गुण कापले गेल्यावर. म्हणून मला त्याच्याकडून जे जे हवं आहे, ते पहिल्या दिवशी मराठीत, कागदावर, त्याच्या हातात. पाठपोट एक पान. त्याहून मोठं झालं की कुणी वाचत नाही.

पहिला मुद्दा हजेरीचा, आणि तो मी गणिताने सांगते. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास. ४ श्रेयांकांचा पेपर म्हणजे ६० तास. नेहमीच्या सत्रात ते १५ आठवड्यांत पसरतात, आठवड्याला ४ तास. सहा आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला १० तास, रोजचे २. म्हणजे मे महिन्यात एक दिवस बुडाला की नेहमीच्या सत्रातला अर्धा आठवडा बुडाला. आठवडाभर मामाच्या गावाला गेलं की अडीच आठवडे गेले. एवढं फळ्यावर मांडलं की ‘७५ टक्के हजेरी सक्तीची’ हे ओरडून सांगावं लागत नाही. त्याखाली दुसरी ओळ असते: वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास. रोज दोन तास वर्ग, चार तास घरी. ज्याला हे जमणार नाही त्याने पहिल्याच आठवड्यात येऊन सांगावं, आपण मार्ग काढू. न सांगता गळू नये.

आणि मे म्हणजे लग्नसराई. सख्ख्या बहीणभावाचं लग्न असेल तर दोन दिवस, अर्ज आधी द्यायचा, असं मी स्पष्ट लिहिते. चुलत, मावस, मित्राच्या बहिणीचं, गावच्या सरपंचाच्या घरचं, या सगळ्यांना संध्याकाळी जा. गाडी किंवा एसटी लेट झाली तर उशीर माफ, कारण विचारणार नाही, मागच्या दाराने शांतपणे आत या.

या ओळींचा खरा उपयोग मुलींना होतो. मे महिन्यात घरी पाहुणे, लोणचं, पापड, कुरडया, धाकट्यांना सांभाळणं हे सगळं मुलीच्या अंगावर पडतं. ‘मी कॉलेजला जाते’ एवढं तोंडी सांगून भागत नाही. कॉलेजच्या शिक्क्याचा कागद दाखवून ‘मॅडमनी लिहून दिलंय, रोज जावं लागतं आणि घरीही चार तास अभ्यास आहे’ म्हटलं की वडील वाचतात, आईला वाचून दाखवतात, आणि सकाळच्या गाडीला सोडायला येतात. म्हणून मी कागदावर पालकांसाठी चार ओळी वेगळ्या लिहिते. त्यात वेळ, खर्च, प्रॅक्टिकलचे दिवस आणि वर्ग कधी सुटतो हे असतं. खर्च शून्य असला तरी ‘शून्य’ असं लिहायचं, नाहीतर विचारायच्या संकोचानेच कुणीतरी येत नाही.

दुसरा भाग प्रयोगशाळेचा, आणि तो या हवेमुळे फार वेगळा होतो. ईथर ३४.६ अंशाला उकळतं. इथे मे महिन्यात पारा ४२च्या पुढे जातो. म्हणजे बाटलीचं बूच उघडलं की ईथर चुलीशिवाय उकळायला लागणार, आणि त्याची वाफ जड, टेबलावरून सरपटत दूरच्या बर्नरपर्यंत जाऊन पेटणारी. म्हणून आमचा लेखी नियम: मे महिन्यात ईथर कपाटाबाहेर येणार नाही, एक्स्ट्रॅक्शन इथाइल ॲसिटेटने. फिनॉल ४०.५ अंशाला वितळतं. हिवाळ्यात खडा असलेलं फिनॉल इथे बाटलीत आपोआप पाणी होऊन बसतं आणि हातावर सांडलं तर कातडी भाजतं. त्याला हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही. कारण नियमाशेजारीच लिहिलेलं असतं. कारण कळलं की मुलं नियम पाळतात, आणि एकमेकांना पाळायलाही लावतात.

ॲझो डाय बनवायच्या दिवशी तर तयारी बघण्यासारखी असते. डायझोटायझेशनला ० ते ५ अंश तापमान लागतं. त्याच्या वर गेलं की डायझोनियम क्षार मोडतो, नायट्रोजन निघून जातो आणि मागे फिनॉल राहतं, रंग काही मिळत नाही. त्यासाठी पहाटे बर्फाची लादी आणून, गोणपाटात गुंडाळून ठेवायची. नेमून दिलेली दोन मुलं ती फोडतात, दोन थर्मामीटरवर नजर ठेवतात. अनिलीन, नायट्राइट, शेवटी बीटा-नॅफ्थॉल, आणि एका क्षणात नारिंगी-लाल रंग उतरतो. तो दिवस चुकवायला कुणी तयार नसतं.

पाण्याचं तुला सांगायलाच हवं. उजनी धरण याच माढा तालुक्यात, पण उन्हाळा सरता सरता साठा वजा पातळीत गेल्याच्या बातम्या अनेकदा येतात. कंडेन्सरमधून नळाचं पाणी तासभर सोडून द्यायचं हे इथे पाप वाटतं. आम्ही बादलीत पाणी आणि बर्फ टाकून, एअर कूलरचा छोटा पंप बसवतो, तेच पाणी फिरत राहतं. नियम असा: नळ उघडा सोडणाऱ्याने बादली भरून द्यायची. आणि त्याहून मोठा नियम माझ्यासाठी: तोंड-डोळे धुवायचा पाण्याचा ड्रम भरलेला असल्याशिवाय प्रॅक्टिकल सुरू करायचं नाही. अंगावर आम्ल उडालं तर निदान पंधरा मिनिटं वाहतं पाणी लागतं. ते नसेल तर त्या दिवशी थिअरी.

चपला हा इथला मोठा प्रश्न. मे महिन्यात बूट घालायचं कुणाच्या जिवावर येतं, काहींकडे ते नसतातही. म्हणून आम्ही प्रयोगशाळेत जुन्या बुटांचा एक रॅक ठेवलाय. सुती अप्रन सगळ्यांना, ओढणी अप्रनच्या आत, केस बांधलेले, डोळ्यांवर गॉगल, एकट्याने काम नाही, सोडियमचा उरलेला तुकडा बेसिनमध्ये टाकायचा नाही, तो मी स्वतः अल्कोहोलमध्ये विरवणार. सॉल्व्हंट बेसिनमध्ये ओतायचं नाही, लेबल लावलेल्या बाटलीत. प्रमाणही छोटं: जिथे पुस्तकात दहा ग्रॅम तिथे एक ग्रॅम. या भागात मी सूट देत नाही. २००८ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात टर्ट-ब्युटिललिथियम पेटलं. अप्रन न घातलेली, कृत्रिम धाग्याचा स्वेटर अंगावर असलेली २३ वर्षांची सहायक भाजून पुढच्या महिन्यात गेली. एवढ्या साधनसंपन्न ठिकाणी हे घडू शकतं, हे मुलांना पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी मी सांगतेच. मग नायलॉनची ओढणी स्वतःहून आत जाते.

तिसरा भाग प्रामाणिकपणाचा. तुला आठवतच असेल, आपल्याकडे जर्नल कसं ‘पुरं’ होतं. मागच्या वर्षीच्या मुलाचं आणायचं, तारखा बदलायच्या, बेंझॉइक ॲसिडचा मेल्टिंग पॉइंट १२२ लिहायचा, मग कॅपिलरीत काहीही दिसो. माझा नियम उलटा आहे. जे दिसलं ते तिथल्या तिथे, शाईने, खाडाखोड दिसेल अशी. तुला ११७ आला तर ११७ लिही, आणि का आला असेल ते दोन ओळींत सांग: ओलं राहिलं का, क्रिस्टलायझेशन घाईत झालं का. त्याला पूर्ण गुण. प्रत्यक्ष नोंद न दाखवता १२२ लिहिलं तर शून्य. उत्पादन ४० टक्के आलं तरी चालेल, ९५ टक्के खोटं नको.

इथे मी पर्किनची गोष्ट सांगते, कारण ती सुट्टीतलीच आहे. १८५६ ची ईस्टरची सुट्टी, लंडनमधल्या घरातली छोटी प्रयोगशाळा, विल्यम पर्किन अठरा वर्षांचा. करायचं होतं क्विनीन, हाती आला काळा गाळ. पुस्तकातलं उत्तर लिहून मोकळा झाला असता तर तिथेच संपलं असतं. त्याने तो गाळ नीट पाहिला, अल्कोहोलमध्ये विरघळवला आणि जांभळा रंग मिळाला, मॉव्हीन. त्यातून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. सोलापूरच्या चादरीचा रंग ज्या पोरांच्या डोळ्यांसमोर रोज असतो, त्यांना ही गोष्ट लगेच आपली वाटते. मग मी त्यांना सांगते की मुंबईत १९३३ साली विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे यूडीसीटी, सुरू झाला, तिथे के. वेंकटरामन यांनी रंगद्रव्यांच्या रसायनाची परंपरा उभी केली, पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि त्यांच्यानंतर त्या खुर्चीत आले बा. द. टिळक, तेही ऑरगॅनिकवाले. हा विषय आपल्या मातीत वाढलाय, हे कळलं की मुलाची मान ताठ होते.

मोबाइलवरच्या एआयचंही लिहावं लागतं आता. विचारा, पण काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते वहीत नोंदवा आणि रचना स्वतः तपासा, कारण रचना काढताना ते चुकतं आणि बिनदिक्कत चुकतं. एकत्र बसून अभ्यास करा, गाडीत करा, पारावर करा, पण लिहिताना वही ज्याची त्याची. चाचणीत फोन पिशवीत.

चौथा भाग मला सगळ्यात आवडतो: अभ्यास कसा करायचा. ऑरगॅनिक म्हणजे पाठांतर, ही भीती बारावीपासून घेऊन पोरं येतात. म्हणून कागदावर ठळक असतं: मेकॅनिझम वाचायचं नाही, काढायचं. पेन्सिलने, कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून. बाण नेहमी इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथून निघतो आणि जिथे कमी आहेत तिकडे जातो. कार्बनला पाच बंध काढले तर त्या उत्तराला गुण नाहीत, बाकी कितीही सुंदर लिहिलेलं असो. स्टिरिओकेमिस्ट्रीसाठी शाडूच्या गोळ्या आणि खराट्याच्या काड्या, मॉडेल स्वतः बनवायचं आणि चाचणीलाही सोबत आणायचं. शंका मराठीत विचारायची, हिंदीत विचारायची, कशीही विचारायची. उत्तरपत्रिका विद्यापीठाला हवी तशी इंग्रजीत लिहायचा सराव आठवड्यातून एक दिवस वेगळा.

आणि प्रत्येक धड्याला गावातलं एक उदाहरण मुलांनीच आणायचं, हाही नियम आहे. केमची पोरं कुंकू आणतात. केमचं कुंकू प्रसिद्ध, आणि पारंपरिक कुंकू म्हणजे हळदीला दिलेली अल्कलीची जोड. कर्क्युमिनचा पिवळा रंग अल्कलीत लाल होतो, कारण फिनॉलचा प्रोटॉन निघून जातो. या रेणूची रचना १९१० साली ठरली, पण त्याचा धंदा केमला घराघरांत आहे. उसाच्या पट्ट्यातली पोरं मळी आणतात. मळीपासून अल्कोहोल, ते कितीही ऊर्ध्वपातन केलं तरी साध्या ऊर्ध्वपातनाने ९५-९६ टक्क्यांवर अडतं, मग पेट्रोलमध्ये मिसळायला निर्जल कसं करतात हा प्रश्न वर्गात स्वतःहून येतो. युरियाची गोणी तर प्रत्येकाच्या शेतात. १८२८ साली व्होलरने प्रयोगशाळेत बनवलेला तोच रेणू. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीला बालाजी अमाइन्सचा कारखाना आहे. अमाइन्सचा धडा चालू असताना ‘मॅडम, तिथे नोकरी लागते का’ असं कुणीतरी विचारतंच. लागते, बाळा. त्यासाठीच हा धडा नीट करायचा.

चाचण्यांचं सोपं ठेवलंय. दर शनिवारी एक. सहापैकी उत्तम पाच धरायच्या. फेरचाचणी नाही. ताप आला, एसटी बंद पडली, घरात काही झालं, त्यासाठी ती एक सूट आधीच देऊन ठेवलेली आहे. त्यामुळे कुणाला खोटा दाखला आणावा लागत नाही आणि मला कुणाच्या दुःखाची चौकशी करावी लागत नाही. आमच्या चाचण्यांचे गुण विद्यापीठात जात नाहीत. तुझ्याकडे ते थेट निकालात जाणार, म्हणून तुला तर हा नियम आणखी उपयोगी पडेल.

कागदाची मागची अर्धी बाजू माझ्यावर असते. तास वेळेवर सुरू आणि वेळेवर बंद, कारण परतीची गाडी असते. शनिवारच्या चाचणीचे पेपर सोमवारी परत, प्रत्येक चुकीशेजारी कारणासह. वर्ग सुटल्यावर एक तास मी प्रयोगशाळेत बसणार, शंका घेऊन कुणीही यावं. कुणाच्या चुकीवर वर्गात हसू होणार नाही, माझ्याकडूनही आणि मुलांकडूनही. शिकवलेलं नाही ते विचारणार नाही. खाली माझी सही, मग त्यांची. मुलांना आपल्या हक्काच्या ओळी फार लवकर पाठ होतात, आणि त्या व्हाव्यात म्हणूनच लिहिल्यात.

काही सहकारी म्हणतात, एवढे नियम लिहिले की मुलं बिचकतात. माझा अनुभव वेगळा आहे. मुलं बिचकतात ती न सांगितलेल्या गोष्टींना. काय अपेक्षा आहे, चुकलं तर काय होईल, सूट किती आहे, मदत कुठे मिळेल, हे माहीत असलं की पहिल्यांदाच कॉलेजात आलेलं पोरही हक्काने वावरतं. सहा आठवडे फार थोडे असतात. त्यातला एकही आठवडा ‘इथे कसं वागतात’ हे चाचपडण्यात जाऊ नये.

आता तुझ्या कागदाबद्दल. तुझ्या वर्गातही दिवसा दुकानात काम करून संध्याकाळी येणारं, घरात पहिलंच शिकणारं कुणीतरी असेल, मग ते मेक्सिकोचं असो, व्हिएतनामचं असो की आपल्याच गुजरातचं. नियमावली लिहून झाली की ती त्याच्या जागी बसून वाच. जी ओळ त्याला कळणार नाही ती बदल, जिचं कारण देता येत नाही ती काढून टाक, आणि तू त्याला काय देणार आहेस ते लिहिल्याशिवाय सही करू नकोस. मग मला एक प्रत पाठव. आमचा वर्ग संपेपर्यंत आली तर माझ्या मुलांना वाचून दाखवीन.

तुझीच,
कुर्डुवाडीची मैत्रीण